किसनमामाला वाटेत मिळालेली नावं

गोदाक्काचं नाव सगळ्यांत आधी लिहितो, कारण ती नसती तर मला लिहिताच आलं नसतं. ती माझी नात्याची कोणी नव्हे. राहात्याच्या हायस्कुलात मी आठवीला आलो तेव्हा तिनं मला आपल्या पडवीत जागा दिली, आणि अकरावी होईपर्यंत तिच्याच चुलीवरची भाकरी मी खाल्ली. तिला अक्षरओळख नाही. माझ्या पुस्तकांना ती ‘तुजी कागदं’ म्हणे, पण त्या कागदांवर कंदिलाचा उजेड नीट पडतो का, हे रोज येऊन बघून जाई. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. बाहत्तर साली मी बी.ए. झालो आणि पेढे घेऊन तिच्या पाया पडायला गेलो, तर ती चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, “आता माजं येक काम कर. माज्या किसनाला हिकडं घिऊन ये.”

किसन हा तिचा धाकटा भाऊ. तिच्या मुलीचा मामा, म्हणून माझाही मामा. जामखेडच्या पलीकडे एका कोरड्या गावात तो एकटा राहत होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पाऊस नसल्याचं ते सलग दुसरं की तिसरं वर्ष होतं. तिकडून ऊसतोडीला आलेल्या एका गाडीवानानं आक्काला सांगितलं होतं की किसन हाडाचा सापळा झालाय, आणि काही विचारलं तर बैलाबद्दल बोलतो.

“त्यो जित्राबपिसा हाय,” आक्का म्हणाली. “जित्राब सोडून यायचा न्हाई. पन तू शिकलेला. तुजं ऐकंल.”

माझं ऐकेल, असं मलाही वाटलं.

राहाता

जित्राब म्हणजे आमच्याकडची गुरंढोरं, शेळ्यामेंढ्या, सगळंच. पिसा म्हणजे वेडा. कॉलेजात मी ‘न्हाई’ म्हटलं की वर्गात हसू पसरायचं. तेव्हापासून कोण कुठे काय शब्द वापरतं, तिकडे माझे कान लागलेले असतात. राहात्यात भटक्या कुत्र्यांना भाकरी टाकणाऱ्याला ‘कुत्र्यांचा पाटील’ म्हणतात. मांजरं सांभाळणारी बाई ‘मांजरमावशी’. आणि बैलाला वैरण टाकल्याशिवाय जो स्वतः ताटावर बसत नाही, तो ‘जित्राबपिसा’. ही नावं चिडवायचीच, पण त्यांत राग नसतो. राहात्याला कालवा आहे, ऊस आहे, पेरूच्या बागा आहेत. त्या वर्षी कालव्याची पाळी लांबत होती तरी बांधावर हिरवं दिसत होतं. अशा गावात जनावरावर माया करणं हा छंद ठरतो, आणि छंदाला लोक हसतात. याहून जास्त काही त्या शब्दांत असेल, असं निघताना माझ्या मनातही आलं नाही.

आक्कानं भाकऱ्या, लसणाची चटणी आणि भावासाठी एक नवं धोतर बांधून दिलं. पडवीत, मी झोपत असे त्या जागी, तिनं सारवून ठेवलं होतं.

जामखेडकडे

एसटीच्या प्रवासाचं पाल्हाळ लावत नाही. नगरला गाडी बदलली आणि शहर मागे पडलं, तसा डोळ्यांपुढचा हिरवा रंगच पुसला गेला. शेतांत नांगरट होती, पण पेरलेलं काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला माणसं खडी फोडत बसलेली. बायका, म्हातारे, पाठीला पोर बांधलेल्या पोरी. एका गावाजवळ गाडी थांबली, तर घरांची दारं ओळीनं बंद. कुलूप एखाद्यालाच; बाकीच्यांच्या कड्यांना काटेरी फांदी अडकवलेली. मी शेजारच्या बाईला विचारलं, की ही माणसं कुठे गेली.

“जगायला गेलीत,” ती म्हणाली.

आमच्याकडे कुणी घरी नसलं तर ‘गावाला गेलाय’ म्हणतात. इथे ऊसतोडीला गेलेल्या माणसाला ‘जगायला गेला’ म्हणतात. तिनं ते इतक्या सहज सांगितलं, जसं कुणी बाजाराला गेला म्हणावं. मग ज्या म्हाताऱ्या मागे राहिल्या, त्या कशाला राहिल्या म्हणायचं, हे मी तिला विचारलं नाही.

मामाच्या गावी

जामखेडहून मामाच्या गावापर्यंत चालत गेलो. पारावर चारपाच म्हातारे उन्हाला बसले होते. किसन कुठे राहतो म्हणून विचारलं, तर त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“कोन किसन? दावनीचा जावई?”

दुसऱ्यानं मला ते नाव समजावून सांगितलं. दावण म्हणजे जनावरं बांधायची ओळ. हा माणूस तिथेच बसतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, आणि उठ म्हणायची कुणाची छाती होत नाही. जावई सासुरवाडीला येऊन बसावा तसा. आता दावण रिकामी झाली, तरी जावई काही उठत नाही. सगळे हसले. हसताना त्यांची नजर माझ्या पिशवीवर होती. आतल्या भाकऱ्यांचा वास त्यांना येत असावा.

मामा खरोखरच गोठ्यात होता. आक्काचं नाक, आक्काचे डोळे, पण त्या चेहऱ्यावर मांस म्हणून उरलं नव्हतं. त्याच्यामागे एक उंच, पांढरा बैल उभा होता. बरगड्या मोजाव्यात असा, पण शिंगं तेल लावून चकचकीत केलेली. त्याचं नाव हौश्या. शेजारची जागा रिकामी, तिथली गव्हाण झाडून स्वच्छ ठेवलेली.

मी नमस्कार केला, आक्काचा निरोप सांगितला. मग रिकाम्या जागेकडे बघून विचारलं, की दुसरा बैल कुठे आहे.

“सुटला,” मामा म्हणाला.

मला वाटलं दावं तोडून पळाला. मी विचारलं, “मग सापडला का?”

दारात आलेली एक शेजारीण तोंडाला पदर लावून निघून गेली. त्या मुलखात लाडक्या जनावराला ‘मेला’ म्हणत नाहीत, ‘सुटला’ म्हणतात. मराठी हा विषय घेऊन मी पदवीधर झालो होतो. मामानं मात्र माझा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. अगदी समजुतीनं सांगितलं, “न्हाई सापडला, लेकरा.”

जेवायला आक्काच्या भाकऱ्या होत्याच. मामाच्या घरात सरकारी दुकानातल्या लाल मिलोचं, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीचं पीठ होतं. त्याची भाकरी विटकरीसारखी दिसते आणि घशातून उतरायला पाणी मागते, आणि पाणीच तर नव्हतं. मामानं राहात्याची पांढरी भाकरी हातात घेतली, वास घेतला, आणि अर्धी मोडून हौश्यापुढे धरली. हौश्यानं ती त्याच्या तळव्यावरून ओठांनी उचलली.

जोडीतला एक गेल्यावर मामाला ऊसतोडीची गाडी जोडता येईना. तिकडे सावड करायची पद्धत आहे, म्हणजे दोन घरचे दोन एकटे बैल मिळून एक जोड करायची. पण गावात दुसरा एकटा बैल उरला नव्हता. ज्यांचे होते त्यांनी विकले, आणि ती माणसंही जगायला गेली. जनावरांसाठी सरकारी चारा-छावणी उघडणार असं रोज ऐकू येत होतं, ती काही उघडत नव्हती.

मी दोन दिवस मामाला समजावलं. आक्काकडे म्हैस आहे, वैरण आहे, तुझी जागा सारवून ठेवलीय. तो ऐकून घ्यायचा आणि हौश्याच्या मानेखाली खाजवत राहायचा. हौश्याला राहात्यापर्यंत चालवत नेणं शक्य नव्हतं. त्याचे खूर झिजले होते आणि मधे सगळा कोरडा मुलूख होता. शेवटी मामानंच मार्ग काढला. काष्टीला बैलांचा मोठा बाजार भरतो. तिकडे थोडं पाणी आहे, थोडा ऊस आहे. जोड मोडलेला एखादा शेतकरी तिथे एकटा बैल शोधत येतोच.

“त्येला जू दिनारा धनी मिळाला, की मी तसाच आगीनगाडीत बसतो,” तो म्हणाला. “मंग आक्कीकडं. तुजी शपत.”

त्यानं नवं धोतर नेसलं. निघताना गोठ्याच्या दाराला त्यानंही एक काटेरी फांदी लावली.

सीनेच्या पात्रात

आम्ही पश्चिमेकडे चालू लागलो. मी पुढे, मामा आणि हौश्या मागे. मामा बैलाला ओढत नव्हता. दावं सैल धरून बोलत चालायचा: “आता चढ हाय. आता येक वड्याचा उतार. बाभळ बघ, सावली हाय, जरा ऱ्हा.” माझ्याशी तो त्या मानानं कमी बोलला.

सीना नदी कोरडी होती. पात्रातल्या वाळूत झिरे खणलेले, आणि प्रत्येक झिऱ्याभोवती घागरी घेऊन बसलेल्या बायका. तळाशी वाटीभर पाणी साचायचं, ते नारळाच्या करवंटीनं भरून घ्यायचं, आणि पुन्हा साचेपर्यंत बसायचं. मामानं एका झिऱ्यापाशी बैलासाठी पाणी मागितलं.

“मानसाला न्हाई, आन बैलाला कुटून?” एक तरणी बाई म्हणाली.

“माज्या वाटचं त्येला द्या. मी न्हाई पीत.”

“तुजा वाटा कसला रं? तू कुन्या गावचा?”

तेवढ्यात एक वयस्कर बाई हसली. तिच्या कपाळावर गोंदण होतं आणि पुढचे दात पडलेले होते. “आला गं बाई मुक्याचा वकील,” ती म्हणाली. मला वाटलं तिनं मामाला पाहून तो शब्द जोडला, पण नाही. पाणवठ्यावर जनावराची बाजू घेऊन भांडणाऱ्याला तिकडे असंच म्हणतात. तिनं पुढची गंमतही सांगितली: मुक्याचा वकील कधी खटला जिंकत नसतो, कारण त्याचा पक्षकार साक्ष देत नाही.

“वकीलसायब, आदी फी भरा,” असं म्हणून तिनं मामाला झिरा आणखी खोल करून द्यायला सांगितला. मामा गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी ओली वाळू उपसू लागला. मीही नवी पॅन्ट वर दुमडून बसलो. बराच वेळ खणल्यावर पाणी जरा जोरानं झिरपू लागलं. बायकांच्या घागरी भरल्या, मग तिनं पितळेच्या घमेल्यात हौश्यासाठी पाणी ओतलं. त्यानं ते एका दमात ओढलं आणि रिकामं घमेलं चाटत राहिला. घमेलं काढून घेताना त्या बाईनं मामाला हळूच सांगितलं, “दादा, परतीच्या वाटंला हिकडनं येऊ नगा. तवर हे बी आटंल.”

आम्ही सगळ्यांचा निरोप घेतला. मी मागे वळून पाहिलं, तर ती तरणी बाई आम्ही उकरलेल्या वाळूत अजून खोल हात घालत होती.

मांडवगणच्या अलीकडे

पुढच्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मामानं कमरेच्या कोयत्यानं दाव्याच्या टोकाचा एक वाखाचा धागा सोडवला आणि अंगठा इतका घट्ट बांधून दिला की काष्टीला पोचेपर्यंत तो सुटला नाही. रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घ्यायला बसलो. मामानं चहा बशीत ओतला, गार केला आणि बशी घेऊन बाहेर बैलाकडे गेला.

हॉटेलवाला माझ्याकडे बघून म्हणाला, “बैल न्हाई त्यो, बायकू हाय म्हाताऱ्याची.”

मामानं ते ऐकलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. “बायकू आसती तर भांडली तरी आसती,” तो म्हणाला.

हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. भजी मात्र शिळी होती. आता आठवतो तेव्हा वाटतं, त्या सगळ्या वाटेवर तेवढी एकच वेळ चांगली गेली. त्यानंतर हौश्या पुढचे गुडघे टेकून मधेमधे बसू लागला.

काष्टी

काष्टीच्या बाजाराबद्दल मी राहात्यात ऐकलं होतं. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, जोड्या पळवून दाखवणारे हौशी शेतकरी. त्या वर्षीच्या बाजारात नजर जाईल तिथपर्यंत पाठीची हाडं दिसत होती. आणायला हजार माणसं आणि घ्यायला कुणीच नाही, असं वाटलं. बाजाराच्या एका अंगाला मालमोटारी उभ्या होत्या. गिऱ्हाईकं होती ती त्यांचीच.

मामानं आधी उसाचं वाढं विकत घेतलं. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पात. हौश्यानं दोन पानं चावली आणि बाकी तशीच ठेवली. मामा ती हिरवी पात स्वतःच्या हातानं बारीक तोडून त्याच्या तोंडात घालत बसला.

तिथे एक दलाल आला. लाल फेटा, खांद्यावर टॉवेल. दलाल टॉवेलखाली बोटं धरून भाव ठरवतात, तोंडानं बोलत नाहीत. त्यानं हौश्याला एक फेरी मारली, मामाकडे पाहिलं आणि आपल्या जोडीदाराला म्हणाला, “ओला हाय.” मला वाटलं बैलाविषयी काही बोलतोय. चहाच्या गाड्यावर मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. गाडीवाल्यानं हसतच सांगितला. ओला म्हणजे ज्याचे डोळे ओले होतात तो मालक. ओल्या माणसाला भाव लागत नाही, शब्द लागतो. ‘दावनीला बांदनार, सांबाळनार’ म्हटलं की तो जनावर देऊन टाकतो. मग ते जनावर मालमोटारीतून खाटकाकडेच जातं.

मी धावत मामाकडे आलो. तोवर एक स्वच्छ धोतरातला माणूस हौश्याच्या कपाळाला हात लावून उभा होता. भीमेकाठी आपली जमीन आहे, जोडीतला बैल गेला, घरी एक मोकळा उभा आहे, असं काही तो सांगत होता, आणि फार गोड सांगत होता. दलाल मान डोलवत होता.

मामानं त्याला एकच विचारलं. “दावं आनलंय का?”

आमच्या सगळ्या मुलखात ही रीत आहे. विकणारा जनावर देतो, दावं देत नाही. नाहीतर गोठ्यातली बरकत दाव्याबरोबर जाते. म्हणून घेणारा शेतकरी घरून नवं दावं घेऊनच बाजाराला निघतो. ज्याला जनावर बांधायचंच नाही, त्याला दाव्याची काय गरज?

“दाव्यासकटच दे की,” तो माणूस म्हणाला.

मामानं हौश्याचं दावं हाताभोवती गुंडाळलं आणि तोंड फिरवलं. मी त्याच्या कानात चहावाल्याचं बोलणं सांगितलं. “कळलं मला, लेकरा,” तो म्हणाला.

आम्ही दिवसभर थांबलो. हातात नवं दावं घेतलेलं गिऱ्हाईक मी बाजारभर शोधत फिरलो. दोघे दिसले, एकाला गाय हवी होती, दुसरा दुसऱ्याच एका बैलाचे दात बघून गेला. मी शाळेत शिकवल्यासारखा लोकांना अडवून विचारत होतो, की तुमची जोड मोडली आहे का. लोक मला वेडा समजून बाजूला होत होते. दुपार कलली तेव्हा परत आलो, तर हौश्या बसला होता, आणि या वेळी त्यानं मानही जमिनीला टेकली होती.

दलाल पुन्हा आला. आता त्याच्या बोलण्यात गोडवा नव्हता, पण खोटंही नव्हतं. “म्हाताऱ्या, उठतोय तवर दे. न उठल्यालं ट्रकवाला बी घेत न्हाई. मंग हितं बाजार उठल्यावं कुत्री येत्यात, आन ती मरायची वाट बघत न्हाईत.”

मी मामाला म्हणालो, देऊ नका. इथेच राहू, मी काहीतरी करतो, कुणा साहेबाला भेटतो. कोणत्या साहेबाला, ते मला माहीत नव्हतं. मामानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग हौश्यापाशी उकिडवा बसला आणि त्याच्या कानात काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. हौश्या उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे. मालमोटारीला लावलेल्या फळीवर तो काठीशिवाय चढला, कारण मामा पुढे उलट्या पावलांनी चालत त्याच्याशी बोलत होता: “आता चढ हाय. सावकास. आता सपाट हाय.”

मिळालेले पैसे त्यानं न बघता माझ्या हातात दिले होते. दावं मात्र त्याच्या हातात तसंच होतं. वर चढून हौश्याच्या मानेपाशी तो उभा राहिला, आणि उतरेना. फळी काढायला आलेला माणूस ओरडला. दलालानं खालून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, “आरं बघा, पाठराखीन निघाली.”

बाजारभर हशा पिकला. पाठराखीण म्हणजे नवरीबरोबर सासरी जाणारी माहेरची बाई. नवरीला परकं वाटू नये म्हणून चार दिवस तिच्या सोबतीला राहायचं आणि मग परत यायचं. विकलेल्या जनावराबरोबर जो मालक ट्रकमध्ये चढून बसतो, त्याला दलालांच्या बोलीत पाठराखीण म्हणतात. म्हणजे मामाच्या आधीही असे कोणी कोणी चढले असणार.

मामानं वरूनच उत्तर दिलं, आवाज न चढवता. “व्हय. आक्कीसंगं बी म्याच गेल्तो.”

मग माझ्याकडे वाकून सांगितलं. आक्काचं लग्न झालं तेव्हा आई नव्हती, चुलती-मावशी कुणी नव्हतं. धाडायला बाई नाही म्हणून हा दहा-अकरा वर्षांचा पोरगा नवरीच्या गाडीत बसला होता. तवा बी लोक हासलं हुतं, म्हणाला. मी त्याचा हात धरला. तो हात त्यानं ओढून घेतला नाही. “आक्कीला सांग,” तो म्हणाला, “पोचवून येतो.” मोटार सुरू झाली, आणि हात आपोआप सुटला.

मी काष्टीतच थांबलो. मोटार परत आली ती रिकामी. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारा फाटकापाशी उतरला. आत कुणाला सोडत नाहीत. बैल आत गेल्यावर हा दावं मांडीवर घेऊन तिथेच बसला. परत चल म्हटलं, तर उठला नाही. पुण्याच्या पलीकडच्या त्या फाटकाशी नंतर मी दोनदा जाऊन आलो. पानाच्या टपरीवाल्याला असा कोणी म्हातारा आठवत होता, पण तो कोणत्या दिशेला गेला ते त्याला सांगता आलं नाही. चौकीत वर्दी दिली. त्याला आता वर्ष होत आलं.

मोटार परतली त्या दिवशी काष्टीच्या पोस्टात बसून मी आक्काला पत्र लिहिलं. तिच्याकडून ते मागून घेऊन इथे उतरवतो. याहून वेगळं मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आताही येत नाही.

काष्टी, शनिवारच्या बाजारानंतर

ती. गोदाक्का हिस, शि. सा. नमस्कार.

हे पत्र जो वाचून दाखवील त्यानं सावकाश वाचावं.

आक्का, मी मामाला आणू शकलो नाही. तो माझ्याबरोबर काष्टीपर्यंत आला. तू दिलेलं धोतर नेसला होता. तुझ्या भाकऱ्या खाल्ल्या, अर्धी बैलाला दिली. तुझ्याकडे यायचं त्याच्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगतो. वाटेत त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं की बैलाला चांगला धनी मिळाला की आक्कीकडं येतो. धनी मिळाला नाही. बैल उभा राहीना, म्हणून गाडीत घालावा लागला. कुठल्या गाडीत ते तुला कळेल.

मामा त्याच्याबरोबर गेला. लोक त्याला पाठराखीण म्हणून हसले. त्यानं सांगितलं की तुझ्यासंगंही तोच आला होता. मला हे माहीत नव्हतं, तू कधी बोलली नाहीस. पोचवून येतो, असा तुला निरोप आहे.

आज गाडी परत आली, त्यात तो नाही. तू म्हणशील, शिकलेला होतास, अडवलं का नाहीस. आक्का, मी हात धरला होता. त्यानं माझ्या हातात हात ठेवला आणि तरी गेला. त्यापुढे काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मी इथेच आहे. पुढच्या गाडीबरोबर तिकडे जाईन. पण एक गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, ती कळव. तुला सासरी पोचवून किसनमामा कितव्या दिवशी घरी परतला होता? म्हणजे किती दिवस वाट बघायची, ते मला कळेल.